शहरांतील चौक आणि उसना समुद्रकिनारा

समुद्रकिनारा म्हटला म्हणजे भरती-ओहोटीच्या लाटा, ओली वाळू, शंखशिंपले आणि खारा वारा यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. शहरांतील चौक म्हटला म्हणजे फरसबंदी, रहदारी, दुकानें, एखादा पुतळा आणि घड्याळाचा मनोरा आठवतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून इतक्या दूरच्या आहेत कीं, त्या एकाच जागीं नांदतील असें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. तथापि युरोप व अमेरिका या खंडांतील कित्येक शहरांत आज उन्हाळा आला कीं, भर वस्तींत गाड्या भरभरून वाळू आणून पसरतात, तिच्यावर आरामखुर्च्या व छत्र्या मांडतात, मोठ्या कुंड्यांतून ताडाचीं झाडें उभीं करतात, एखादा उथळ हौद बांधतात, आणि ज्या मुलांनीं समुद्र पाहिलेला नाहीं त्यांना वाळूचे किल्ले रचण्यास मोकळीक देतात. उन्हाळा सरला कीं वाळू पुन्हा गाड्यांत भरून नेतात आणि ती जागा पूर्ववत् होते.

हा प्रकार कसा निघाला, त्याची मांडणी कशी करतात, आणि त्यापासून हित कोणतें व अहित कोणतें, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे. वरवर पाहतां विषय केवळ गमतीचा वाटेल. परंतु त्याच्या पोटांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. तो असा कीं, शहराच्या मध्यभागीं असलेली मोकळी जागा कोणाची? जो पैसे देईल त्याची, कीं जो तेथें येऊन उभा राहील त्याची?

समुद्रावर हवा खाण्यास जाण्याची चाल इंग्लंडांतही फार प्राचीन नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड रसेल नांवाच्या एका डॉक्टरानें समुद्राचें पाणी रोगनाशक आहे असें प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला, आणि श्रीमंत लोक प्रकृतीच्या निमित्तानें ब्रायटनसारख्या गांवीं जाऊं लागले. पुढें आगगाडी आली आणि श्रीमंतांची ही हौस सामान्य माणसाच्याही आटोक्यांत आली. १८७१ सालीं तेथील पार्लमेंटानें वर्षांतील कांहीं ठराविक दिवशीं बँकांना सुटी देण्याचा कायदा केला; त्या सुट्या हळूहळू सर्वांच्याच झाल्या. १८७३ सालीं पूर्व किनाऱ्यावरील स्केगनेस या लहानशा गांवापर्यंत लोहमार्ग पोंचला, आणि पाहतां पाहतां तें करमणुकीचें ठिकाण बनलें. नॉटिंगहॅम, लेस्टर वगैरे मध्य इंग्लंडांतील कारखान्यांच्या शहरांतून तेथें माणसांचे लोंढे जाऊं लागले. जॉन हॅसल या चित्रकारानें १९०८ सालीं एका रेल्वे कंपनीसाठीं जाहिरातीचें एक चित्र काढलें होतें. त्यांत एक लठ्ठ कोळी आनंदानें किनाऱ्यावरून उड्या मारीत चालला आहे. तो कोळी आजही स्केगनेसची खूण म्हणून ओळखला जातो.

येणेंप्रमाणें समुद्रावरची सुटी हा इंग्रजांच्या बालपणाचा एक भागच होऊन बसला. परंतु ही सुटी सर्वांना सारखी लाभत नव्हती. कामकऱ्यांस पगारी रजा मिळावी यासाठीं तेथें कायदा झाला तो १९३८ सालीं. तोंपर्यंत बहुतेक मजुरांच्या घरीं एक दिवसाची सुटी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणें, आणि त्यावर पुन्हा सगळ्या कुटुंबाचें आगगाडीचें भाडें. ज्या घरीं शनिवारच्या पगारावर पुढल्या शनिवारपर्यंतची चूल पेटत असे, त्या घरच्या मुलांनीं समुद्र चित्रांतच पाहावयाचा, असा प्रकार होता. मुलें समुद्राकडे जाऊं शकत नाहींत, तर समुद्राचा निदान कांठ तरी मुलांकडे आणतां येईल काय, ही कल्पना या अडचणींतून निघाली.

लंडन शहरीं टेम्स नदीच्या कांठीं टॉवर नांवाचा जुना किल्ला आहे. त्याच्या पूर्वेस गोदी-कामगारांची दाट व दरिद्री वस्ती होती. किल्ल्याशेजारच्या ऑल हॅलोज या चर्चचे धर्मोपदेशक फिलिप क्लेटन यांनीं या वस्तींतील मुलांना खेळावयास जागा मिळावी म्हणून पुष्कळ खटपट केली. टेम्स ही भरती-ओहोटीची नदी आहे. ओहोटी लागली कीं किल्ल्यापुढील नदीचें पात्र उघडें पडतें. पण तेथें चिखल व दगड. या जागीं सुमारें दीड हजार पडाव भरून वाळू आणून टाकण्यांत आली, आणि १९३४ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या मुलांसाठीं हा किनारा खुला झाला. तेथें मुलांना कायमचा मुक्त प्रवेश राहील, असें वचन त्या वेळचे राजे पंचम जॉर्ज यांनीं दिलें होतें. भरती आली कीं किनारा पाण्याखालीं जाई व ओहोटी लागली कीं पुन्हा वर येई. तेवढ्या अवधींत मुलांनीं खेळून घ्यावें. १९३४ पासून १९३९ पर्यंत पांच लाखांहून अधिक माणसें या वाळूवर येऊन गेलीं. मागें राजांचा किल्ला, पुढें जहाजांनीं गजबजलेली नदी, आणि मध्यें अनवाणी मुलें, असें तें दृश्य होतें.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर हा किनारा बंद करावा लागला. युद्धानंतर तो पुन्हा उघडला, परंतु नदीचें पाणी उत्तरोत्तर घाण होत गेलें, आणि अखेर १९७१ सालीं तो बंद झाला. वचन कायमचें होतें. पाणी मात्र कायम शुद्ध राहिलें नाहीं. यांत आपणांस पहिला बोध मिळतो. वाळू आणून टाकणें सोपें असतें. ज्या शहरांत ती टाकावयाची तें शहर स्वच्छ व सर्वांचें राखणें हेंच अवघड काम असतें.

यानंतरची मोठी घटना फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील आहे. सीन नदीच्या उजव्या तीरावर १९६७ सालीं मोटारींसाठीं एक जलदमार्ग उघडण्यांत आला. नदी आणि नागरिक यांच्यामध्यें त्यामुळें जणूं एक भिंतच उभी राहिली. कारण जेथून मोटारी अखंड धांवतात तेथून नदीच्या पाण्याला हात लावण्यास कोण जाणार? २००२ सालच्या उन्हाळ्यांत त्या वेळचे नगराध्यक्ष बर्ट्रांड डेलानोए यांच्या पुढाकारानें हा जलदमार्ग सुमारें एक महिना मोटारींना बंद करण्यांत आला. रस्त्यावर वाळू पसरली, आरामखुर्च्या मांडल्या, कुंड्यांतले ताड उभे केले, आणि नागरिकांना सांगितलें कीं, या व बसा. प्रवेशास पैसा नव्हता. सुटीसाठीं गांवाबाहेर जाणें ज्यांना परवडत नव्हतें अशा लोकांचा विचार या योजनेच्या मुळाशीं होता. पहिल्याच वर्षीं वीस लाखांवर लोक आले. पुढें हा दर वर्षींचा प्रघात पडला. २००७ सालीं शहराच्या ईशान्य भागांतील ला व्हिलेत येथील कालव्याच्या तलावाकांठींही, म्हणजे साध्या लोकांच्या वस्तीजवळ, असाच किनारा मांडण्यांत आला.

पॅरिसमधील या वाळूच्या संबंधांत एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नगरभवनापुढें जो विस्तीर्ण चौक आहे, त्यांतही कित्येक उन्हाळ्यांत वाळू पसरून चेंडूचे खेळ मांडले जात. या चौकाचें जुनें नांव ‘प्लास द ग्रेव्ह’ असें होतें, आणि ‘ग्रेव्ह’ म्हणजे नदीकांठची वाळूची सपाटी! पूर्वीं येथें खरोखरीचा वाळूचा कांठ असून त्यावर नावा लागत व माल उतरे. काम मिळेल या आशेनें बेकार मजूर येथें जमत. पुढें फ्रेंच भाषेंत संपाला ‘ग्रेव्ह’ हाच शब्द रूढ झाला, तो या चौकावरूनच. गुन्हेगारांस देहान्त शासन होई तेंही येथेंच. १७९२ सालीं शिरच्छेदाच्या नव्या यंत्राचा पहिला प्रयोग याच जागीं झाला. माल, मजुरी, दंड, उत्सव, गाऱ्हाणें या सर्वांना या एकाच चौकानें जागा दिली. खरा चौक म्हणजे काय, हें यावरून ध्यानांत येईल. तो एका कामासाठीं नसतो, म्हणूनच तो सर्व कामांस उपयोगी पडतो.

पॅरिसच्या प्रयोगाचें खरें फळ वाळूंत नव्हतें. दर उन्हाळ्यांत महिनाभर मोटारी बंद राहिल्यानें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, नदीकांठीं मोटारी असल्याच पाहिजेत असें नाहीं. २०१३ सालीं डाव्या तीरावरील रस्त्याचा मोठा भाग, आणि २०१६ सालीं उजव्या तीरावरील रस्त्याचा मध्य भाग, पायीं फिरणाऱ्यांसाठीं कायमचा मोकळा करण्याचें ठरलें. याहून पुढची गोष्ट अशी कीं, सीन नदींत पोहण्यास १९२३ पासून बंदी होती. २०२४ सालच्या ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें सुमारें १४० कोटी युरो खर्च करून नदीचें पाणी सुधारण्यांत आलें, आणि २०२५ सालच्या उन्हाळ्यांत तीन ठिकाणीं सर्वसामान्य लोकांना नदींत पोहण्याची मोकळीक मिळाली. लंडनच्या मुलांचा किनारा पाण्याच्या घाणीनें गेला. पॅरिसमध्यें वाळूपासून आरंभ करून लोक पाण्यापर्यंत पोंचले.

आतां या किनाऱ्याची मांडणी कशी करतात तें पाहूं. प्रथम फरसबंदीवर पाणी न जिरणारें जाड कापड अंथरतात, म्हणजे वाळू फरशीच्या सांध्यांत व गटारांत शिरत नाहीं. भोंवतीं लांकडी फळ्यांचा कठडा करतात. मग खाणींतून काढून, धुवून, चाळून स्वच्छ केलेली वाळू त्यांत ओततात. रोज ती दंताळ्यानें विंचरून कांचेचे तुकडे वगैरे वेंचून काढावे लागतात, आणि मधून मधून तिच्यावर पाणी शिंपडावें लागतें. या शिंपण्याचें कारण विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. कोरडी वाळू मुठींतून निसटून जाते. तिच्यांत थोडें पाणी मिसळलें म्हणजे कणाकणांमध्यें पाण्याचे अतिसूक्ष्म पूल तयार होतात, आणि पाण्याच्या पृष्ठभागाला जो स्वाभाविक ताण असतो त्यामुळें हे पूल कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. म्हणून ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो. पाणी फार झालें कीं पूल नाहींसे होतात व किल्ला ढासळतो. शिवाय शिंपल्यानें वाळू वाऱ्यावर उडून शेजारच्या दुकानांत जात नाहीं, हा व्यावहारिक लाभ निराळाच.

वाळू ही फुकट व अमर्याद वस्तु आहे, असा आपला समज असतो. तो खरा नाहीं. जगांत दर वर्षीं सुमारें पांच हजार कोटी टन वाळू व खडी वापरली जाते, असें संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविषयक संस्थेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलें आहे. आणि तिच्या उपशानें नद्यांचे कांठ खचत चालले आहेत. तेव्हां शहरांत किनारा मांडणाऱ्यानें वाळू कोठून आणली व नंतर तिचें काय केलें, हेंही विचारणें योग्यच आहे. पॅरिसमध्यें आरंभीं ही वाळू एका मोठ्या सिमेंट कंपनीकडून येत असे. त्या कंपनीच्या परदेशांतील व्यवहारांविषयीं लोकांत असंतोष माजल्यानें २०१७ सालीं शहरानें तिच्याशीं असलेला हा संबंध तोडला, आणि त्या वर्षापासून नदीकांठची वाळू दिसेनाशी झाली. खुर्च्या, छत्र्या व झाडें मात्र राहिलीं. देणगी स्वीकारणाऱ्यास देणाऱ्याची कीर्ति व अपकीर्ति दोन्ही पदरांत घ्यावीं लागतात, याचें हें उदाहरण आहे.

येथपर्यंत नगरसंस्थेनें किंवा परोपकारी मंडळींनीं चालविलेल्या किनाऱ्यांचें वर्णन झालें. परंतु आज पुष्कळ शहरांत ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या हातीं गेली आहे. याचा विचार करण्यास इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहराचें उदाहरण घेऊं. स्केगनेसला लोंढ्यांनीं जाणाऱ्यांचें म्हणून वर जें शहर सांगितलें तेंच हें. तेथून समुद्रावर जाण्यास आजही आगगाडीनें सुमारें दोन तास लागतात. या शहराच्या मध्यभागीं ‘ओल्ड मार्केट स्क्वेअर’ म्हणजे जुना बाजारचौक आहे, आणि इंग्लंडांतील मोठ्या चौकांत त्याची गणना होते. नॉर्मन राजांच्या काळापासून येथें बाजार भरे. ‘गूज फेअर’ म्हणजे हंसांची जत्रा या नांवानें प्रसिद्ध असलेली मोठी जत्राही शेंकडों वर्षें येथेंच भरत असे; १२८४ सालच्या एका राजपत्रांत तिचा उल्लेख सांपडतो. १९२८ सालीं बाजार व जत्रा दोन्ही येथून हालविण्यांत आलीं, आणि १९२९ सालीं टी. सेसिल हॉविट या शिल्पज्ञानें बांधलेलें घुमटाचें नगरभवन चौकाच्या एका अंगास उभें राहिलें. त्याच्या पायऱ्यांशीं दोन दगडी सिंह आहेत. डाव्या सिंहाजवळ भेटावयाचें, असा संकेत त्या गांवचे लोक अद्याप करतात. २००७ सालीं या चौकाची नव्यानें रचना होऊन तो सपाट व मोकळा करण्यांत आला.

या मोकळ्या झालेल्या चौकांत नंतरच्या उन्हाळ्यांतून वाळूचा किनारा मांडूं लागले, आणि नाताळच्या सुमारास बर्फावर घसरण्याचें पटांगण व दुकानांची रांग. किनाऱ्यावर मुलांसाठीं वाळू व उथळ हौद असतो; भोंवतीं पाळणे, चक्रें, खाद्यपेयांचीं दुकानें असतात. अशा ठिकाणीं बहुधा वाळूला मोल नसतें. तिच्या भोंवतालच्या प्रत्येक वस्तूला मात्र असतें. व्यवस्था अशी कीं, नगरसंस्था कंत्राटदाराला जागा वापरण्याचा परवाना देते. कंत्राटदार वाळू, यंत्रें व माणसें आणतो, आणि पाळणे, खाद्यपेयें व जाहिराती यांच्या उत्पन्नांतून खर्च भागवून नफा मिळवितो. नगरसंस्थेला कांहीं भाडें मिळतें, शेजारच्या दुकानांना गिऱ्हाईक मिळतें, आणि शहर गजबजलेलें दिसतें. कित्येक इंग्रज नगरसंस्थांच्या तिजोऱ्या अलीकडे रित्या झाल्या आहेत. खुद्द नॉटिंगहॅमच्या नगरसंस्थेनें २०२३ सालच्या नोव्हेंबरांत आपला जमाखर्च जुळत नाहीं असें कायदेशीर निवेदन केलें. घरांत धान्य नसलें म्हणजे ओसरी भाड्यानें द्यावी असें कोणास वाटल्यास त्याला एकदम दोष देतां येत नाहीं.

या व्यवस्थेच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. ज्या चौकांत एरवीं कबुतरांवांचून कोणी थांबत नाहीं, तेथें सबंध दिवस मुलांचें हसणें ऐकूं येतें. नातवाला वाळूंत सोडून आजी शेजारीं बसते. एकमेकांस न ओळखणाऱ्या आया मुलांच्या भांडणांतून एकमेकींच्या ओळखीच्या होतात. आणि व्यापार चौकाला परका आहे असेंही नाहीं. नॉटिंगहॅमचा चौक जन्मला तोच बाजारासाठीं. तेव्हां चौकांत विक्री होते एवढ्यावरूनच नाक मुरडणें शहाणपणाचें नव्हे.

परंतु जुना बाजार आणि नवा किनारा यांत एक मोठा भेद आहे. जुन्या बाजारांत शेंकडों लहान विक्रेते आपापलें दुकान मांडून बसत, आणि त्यांच्यामधून वाट काढीत कोणीही जाऊं शके. नव्या व्यवस्थेंत ती सारी जागा कांहीं आठवड्यांपुरती एका कंत्राटदाराच्या हातीं जाते, तिला कठडा पडतो, कठड्याला दार येतें, आणि दाराशीं माणूस उभा राहतो. एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. वडिलांच्या खिशांत परतीच्या भाड्यापुरतेच पैसे आहेत. दोन मुलें वाळूंत खेळतात, हें चांगलें झालें. पण दर दहा पावलांवर एक पाळणा फिरत आहे, घंटा वाजत आहे, आणि शेजारचें मूल हातांत आइस्क्रीम घेऊन चाललें आहे. “बाबा, आम्हांलाही,” असें मूल म्हणतें. एकदां ‘नाहीं’, दुसऱ्यांदा ‘नाहीं’, तिसऱ्यांदा मूल रडूं लागतें, आणि बाप मान खालीं घालून त्याला घेऊन निघतो. त्या बापाकडून कोणी प्रवेशाचा पैसा घेतला नाहीं, हें खरें. परंतु तो चौक त्याचा राहिला, असें म्हणवत नाहीं.

दुसरी हानि अशी कीं, तात्पुरती गोष्ट कायमची होत जाते. उन्हाळ्यांत किनारा, हिंवाळ्यांत बर्फ, मधल्या दिवसांत कसलें ना कसलें प्रदर्शन, असें होतां होतां चौक रिकामा असण्याचे दिवसच थोडे उरतात. ओसरी दिली कीं पाय पसरावयाचे, हा माणसाचा स्वभावच आहे. आणि रिकामा चौक म्हणजे वांया गेलेली जागा नव्हे. तेथें म्हातारा माणूस उन्हांत बसतो. विद्यार्थी मित्राची वाट पाहतो. राज्यकर्त्यांना कांहीं ऐकवावयाचें असेल तर नागरिक तेथेंच जमतात. या कामांपासून कोणालाच भाडें मिळत नाहीं, म्हणून हिशेबाच्या वहींत त्यांची नोंद होत नाहीं. ज्याची नोंद नाहीं तें नाहींच, असें समजण्याची चूक सुज्ञ अधिकाऱ्यांकडूनही होते.

तर मग असा किनारा शहरांत असावा कीं नसावा? आमच्या मतें असावा. परंतु चार प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तरच. पहिला, खिशांत कांहीं नसलेल्या मुलाला तेथें सबंध दिवस मान वर करून खेळतां येतें काय? दुसरा, ज्याला खेळावयाचें नाहीं त्याला बसण्यास बांक व जाण्यास वाट मोकळी राहते काय? तिसरा, ठरल्या दिवशीं सारें आवरून चौक होता तसा परत मिळतो काय? आणि चौथा, परवानगी कोणी दिली, भाडें किती आलें व तें कोठें खर्च झालें, हें नागरिकांना उघडपणें कळतें काय? लंडनचा १९३४ सालचा किनारा पहिल्या कसोटीस पूर्ण उतरतो. पॅरिसचा किनारा तिसऱ्या कसोटीच्याही पलीकडे जातो. तेथें जागा परत मिळाली ती पूर्वींपेक्षां मोकळी मिळाली. जेथें या चारांपैकीं एकाचेंही उत्तर ‘नाहीं’ असें येतें, तेथें वाळू कितीही पांढरी असली तरी तिच्याखालीं नागरिकांच्या हक्काची फरशी झांकली गेली आहे, असें समजावें.

हा प्रश्न परदेशचा आहे, त्याच्याशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. महाराष्ट्राला व गोव्याला समुद्र उसना आणावा लागत नाहीं. मुंबईची गिरगांव चौपाटी ही निसर्गाची देणगी असून, तेथें संध्याकाळीं गिरणगांवांतलें मूल आणि मलबार टेकडीवरचें मूल एकाच वाळूंत पाय बुडवूं शकतें. परंतु आपल्याकडेही चौकाचें काम करणारी एक जागा आहे, ती म्हणजे मैदान. मुंबईच्या जुन्या किल्ल्याबाहेर एस्प्लनेड नांवाची एक विस्तीर्ण मोकळी जागा होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे तिचेच राहिलेले तुकडे होत. लहान गांवींही शाळेपुढें किंवा नदीकांठीं एखादें पटांगण असतें. त्यावर सकाळीं व्यायाम, दुपारीं क्रिकेट, संध्याकाळीं सभा, आणि वर्षांतून एकदां जत्रा. जत्रेंत पाळणे येतात, मिठाईचीं दुकानें लागतात, पैसाही खर्च होतो. पण जत्रा उठते, बैलगाड्या व मोटारी परत जातात, आणि दुसऱ्या दिवशीं मुलें पुन्हा तेथें विटीदांडू मांडतात. जत्रा येते यांत मैदानाची शोभा आहे. जत्रा जाते यांत त्याचें रक्षण आहे. उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या गांवच्या मैदानावर एखादा करमणुकीचा बाजार उभा राहिला, तर वर सांगितलेले चार प्रश्न तेथेंही विचारून पाहावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही आज ज्या मैदानावर खेळतां तें कोणीतरी राखलें म्हणून तुम्हांस मिळालें आहे. कोणी अर्ज केले असतील, कोणी सभेंत उभें राहून बोललें असेल, कोणी मोठ्या किंमतीचा मोह टाळला असेल. लंडनच्या नदींत वाळूचे पडाव रिते झाले, तेव्हां त्या वाळूंत खेळणाऱ्या मुलांना क्लेटनसाहेबांचें नांवही ठाऊक नसेल. आणि ठाऊक असण्याचें कारणही नव्हतें. मुलांनीं खेळावें, मोठ्यांनीं जागा राखावी, हीच रीत योग्य आहे. परंतु आजचीं मुलें उद्यांचीं मोठीं माणसें होणार. तुमच्यापैकीं कोणी पुढें नगरसंस्थेंत बसेल, कोणी कंत्राटदार होईल, कोणी मुलांचा हात धरून सुटीच्या दिवशीं चौकांत फिरावयास जाईल. त्या दिवशीं ज्याच्या खिशांत कांहीं नाहीं अशा मुलाची आठवण ठेवा, आणि त्याला बसावयास व खेळावयास जागा राहिली आहे कीं नाहीं, एवढें पाहा. शहर कितपत सुधारलें आहे हें पाहण्याचें याहून सोपें माप आम्हांस माहीत नाहीं.